आठ जणांचं बुकिंग

"बाई, सँपल पसंत आहे. आता जेवन पाठवा."

टेबल नंबर चारवरचे बाबूजी मला हे अगदी प्रेमाने म्हणाले. तोवर चार कोर्स होऊन गेले होते. त्यांच्या मते जेवण अजून सुरूच व्हायचं होतं. माझ्या मते ते निम्मं संपलं होतं. राहिलेलं निम्मंही एवढं एवढंच असणार, हे त्यांना कोणीतरी सांगायला हवं होतं. अशी कामं मॅनेजरची असतात. मॅनेजर मीच.

हॉटेल लाइनमध्ये माझी अठरा वर्षं झाली. त्यातली बहुतेक पुण्यात. वडिलांची तब्येत बिघडली म्हणून मी वर्ध्याला परत आले, तेव्हा इथे आपल्या कामाची नोकरी मिळेल असं वाटलं नव्हतं. पण विलासभाऊंनी सेलू रोडवर फाइन डाइन रेस्टॉरंट काढलं आणि मला बोलावलं. विलासभाऊंचा धंदा सरकी-ढेपेचा. एकदा मुलीकडे बंगलोरला गेले असताना तिने त्यांना असल्या ठिकाणी नेलं, आणि हे आपल्याकडे काऊन नाही, असं त्यांच्या मनाने घेतलं.

फाइन डाइन म्हणजे काय, तर तुम्ही ऑर्डर द्यायची नाही. शेफ ठरवतो. आठ कोर्स, म्हणजे आठ वेळा वाढप. प्रत्येक वेळी नवी प्लेट, प्लेट परातीएवढी आणि तिच्यात मधोमध दोन घास. वाढणारा कॅप्टन प्रत्येक पदार्थाची माहिती सांगतो. हे सगळं दोन-अडीच तास चालतं. एका माणसाला जे पैसे लागतात, त्यात ढाब्यावर एक कुटुंब जेवून पान खाऊन येईल. मोठ्या शहरांत प्रत्येक कोर्सबरोबर वेगळी वाइन असते. आमच्या जिल्ह्यात दारूबंदी, म्हणून आमच्याकडे प्रत्येक कोर्सबरोबर वेगळं सरबत. आमचा शेफ नीरज नागपूरचा, परदेशात शिकून आलेला. सरबताचा विषय निघाला की तो किचनमध्ये निघून जायचा.

तीन महिन्यांत गिऱ्हाइकांची दोन टोकं दिसली. सावंगीच्या मेडिकल कॉलेजचे डॉक्टर लोक यायचे, फोटो काढायचे, खूश होऊन जायचे. एकाने फीडबॅक कार्डावर लिहिलं, "नागपूरला जाण्याची गरज संपली." त्याच दिवशी शेजारच्या टेबलवरच्याने लिहिलं, "येताना घरून जेवून यावे." चतुर्थीला केळझरच्या गणपतीचं दर्शन करून लोक थांबायचे आणि साबुदाण्याची उसळ मागायचे. नीरज त्यांना जवसाच्या तेलाबद्दल सांगायचा. ते ऐकून घ्यायचे आणि पुन्हा उसळ मागायचे.

त्या रविवारी सकाळी विलासभाऊ मला म्हणाले, "सविताताई, आजचा दिवस पाह्यतो. आजही शिव्याच पडल्या तर उद्यापासून सगळ्या हॉटेलांसारखं पनीर."

मी हे नीरजला सांगितलं. तो म्हणाला, "मॅडम, पनीर आलं तर मी गेलो."

नीरज गेला की रेस्टॉरंट गेलं आणि मीही गेले. मी बुकिंगचं रजिस्टर उघडलं. दुपारचं मोठं बुकिंग एकच होतं. आठ जण, हिंगणघाट. पुण्याच्या जावयाने ऑनलाइन केलेलं, आई-बाबूजींच्या लग्नाला पन्नास वर्षं झाल्याबद्दल सरप्राइज.

बाबूजींचं हिंगणघाटला कापडाचं दुकान. धोतर, टोपी, खणखणीत आवाज. बरोबर दोन मुलगे, दोन सुना, मुलगी, जावई आणि आजी. आजी बारक्या अंगाच्या, मोरपंखी साडीतल्या, आल्यापासून एक शब्द न बोललेल्या. त्यांना बुटक्या खुर्चीत नीट बसता येतंय ना, एवढंच मी पाहिलं. म्हाताऱ्या माणसांना असलं जेवण आवडत नाही, हे मी अनुभवाने ठरवून टाकलं होतं.

पहिला कोर्स चमच्यात आला. ओल्या तुरीच्या दाण्यांचा एकच घास. बाबूजींनी तो खाल्ला आणि रिकामा चमचा हातात धरून वाट पाहत बसले. दुसऱ्यात टमाट्याचं सूप होतं. नीरज टमाटे रात्रभर फडक्यात टांगून त्यांचं नितळ पाणी काढतो. दिसायला साधं पाणी, चव पूर्ण टमाट्याची. बाबूजी म्हणाले, "पानी तर गरम करून देल्लं." तिसरं वांग्याचं भरीत, काचेच्या झाकणाखाली, धुरासकट. झाकण उचललं तसा मोठ्या मुलाला ठसका लागला. चौथं संत्र्याचं बर्फासारखं सरबत, दोन चमचे. हे तोंडाची आधीची चव धुवायला असतं. बाबूजींनी त्याला स्वीट डिश समजून ढेकर द्यायचा प्रयत्न केला. ढेकर आला नाही. तेव्हा ते सँपलचं वाक्य आलं.

मी खरं ते सांगितलं. "बाबूजी, हेच जेवण आहे. अजून चार कोर्स यायचेत."

"चार चमचे म्हना ना."

टेबल हसलं. जावई सोडून. तो बिचारा कानापर्यंत लाल झाला होता. बाबूजी उठून उभे राहिले. "चाला. हायवेवर ढाबा आहे, शेवभाजी खाऊ. जावईबापू, राग नका मानू, पोराईले भूक लागली."

पोरं म्हणजे चाळिशीचे मुलगे. तेही लगेच उठले. सुनांनी पर्स घेतल्या. माझ्या डोळ्यांसमोर पनीर उभं राहिलं.

"मले नाई यायचं," आजी म्हणाल्या.

सगळे थांबले.

"काऊन?" बाबूजींनी विचारलं.

"मले पुढचं काय आहे ते पाह्यचं आहे."

"अवो, तुले भूक नाई लागली का?"

"लागली. म्हनूनच बसली. तुम्ही या जेवून. इथं मले कोनी गरम-गरम आनून देऊन राह्यलं, वरून कायचं आहे तेही सांगून राह्यलं. मी नाई उठत."

बाबूजींनी माझ्याकडे पाहिलं, जणू मीच काहीतरी शिकवलं होतं. मुलगी म्हणाली, "आई, मी थांबू का?"

"तू जाय. तुह्या नवऱ्याचं तोंड पाय कसं झालं. त्याले शेवभाजी खाऊ घाल."

ते गेले. आजी कान देऊन बसल्या होत्या. गाड्या सुरू झाल्याचा आवाज आला तसं त्यांनी मला विचारलं, "गेले का?"

"गेले."

"मंग आना."

मी आत गेले आणि जागीच थांबले. किचनच्या तोंडाशी एक लांब काउंटर असतो, त्याला पास म्हणतात. तयार प्लेट तिथून बाहेर जाते. पासवर पाचव्या कोर्सच्या आठ प्लेट लागलेल्या होत्या. ज्वारीची पातळ कुरकुरीत चकती आणि वर हळदीचा फेस. फेस दोन-तीन मिनिटं टिकतो, मग बसतो.

"एकच पाहिजे," मी म्हणाले.

"आठ आहेत," नीरज म्हणाला.

"सात जण शेवभाजी खायला गेले."

नीरजने हातातला चिमटा खाली ठेवला. मला वाटलं, हा आता रडतो. मी एक प्लेट उचलून बाहेर आले. आजींनी माझा चेहरा पाहिला आणि काय झालं ते विचारून घेतलं.

"बाकीच्या सात कोनाच्या?"

"बुकिंग तुमचं आहे. म्हणजे तुमच्याच."

"मंग वाया काऊन घालवता? लोकाईले बोलवा."

लोक म्हणजे हॉलमध्ये चार जण होते. सावंगीचं एक डॉक्टर जोडपं, आणि केळझरहून दर्शन करून आलेल्या दोघी बहिणी. बहिणी फक्त कॉफी प्यायला आल्या होत्या आणि मेनू वाचून दाराकडे निघाल्या होत्या. आजींनी हात करून चौघांना बोलावलं, वास्तूच्या पंगतीला बोलवावं तसं. कोणी नाही म्हणू शकलं नाही. तरी तीन प्लेट उरल्या.

"तू बस," आजी मला म्हणाल्या. "आनि त्या सांगनाऱ्याले बसव. आनि ज्यानं केलं त्याले बोलाव."

आमच्या लाइनमध्ये स्टाफने गेस्टच्या टेबलवर बसणं हा गुन्हा आहे. मी नव्या मुलांना पहिल्या दिवशी तेच शिकवते. मी बसले. आमचा कॅप्टन प्रफुल्ल बसला. नीरज ॲप्रन काढून आला आणि खुर्चीच्या टोकावर टेकला.

"सांग आता, कायचं आहे हे," आजींनी प्रफुल्लला फर्मावलं.

प्रफुल्लने बसल्या बसल्या माहिती दिली. वायगावच्या हळदीचा फेस.

"वायगावची का?" आजी सरळ झाल्या. "माह्यं माहेर वायगावचं." त्यांनी चमचाभर फेस जिभेवर ठेवला, डोळे मिटले, उघडले. "हळद कच्ची राह्यली."

नीरज म्हणाला, "कच्ची नाही आजी, कच्चीच ठेवली आहे."

"काऊन ठेवली?"

नीरजने तोंड उघडलं. परदेशात चार वर्षं शिकलेला माणूस तो. "चांगली लागते म्हणून," तो म्हणाला.

"लागते चांगली," आजी म्हणाल्या. "पन कच्ची आहे."

मोठ्या बहिणीला हसू फुटलं. ते आवरायला तिने नॅपकिन तोंडाला लावला, तो नेमका फेसात बुडालेला होता. तिच्या नाकावर पिवळा ठिपका आला. डॉक्टरबाई तिला सांगायला गेल्या आणि सांगता सांगता स्वतःच हसू लागल्या. मग कशावर हसतोय ते कोणाला कळेनासं झालं. प्रफुल्ल एरवी इतका गंभीर की लोक त्याला मालक समजतात. तो टेबलावर डोकं टेकवून हसत होता. माझे डोळे वाहायला लागले. सहावा कोर्स मीच उठून आणला, वाढला आणि परत बसून खाल्ला. तीन महिने मी ते जेवण लोकांना समजावत होते, पण बसून, गरम, पहिल्यांदाच खाल्लं. चांगलं होतं. मला उगाच अभिमान वाटला.

नेमके तेव्हाच विलासभाऊ आत आले. हॉल जवळजवळ रिकामा. मॅनेजर, शेफ, कॅप्टन तिघंही गिऱ्हाइकांच्या टेबलवर, तिघांचे डोळे हसून ओले.

"सविताताई, हे काय चालू आहे?"

माझं हसू थांबत नव्हतं. उत्तर आजींनी दिलं.

"तुम्ही मालक का? कधी जेवले का इथं?"

विलासभाऊंनी विचार केला. किचनमध्ये उभ्याने चाखलं होतं. बसून जेवले नव्हते. तसं त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं.

"मंग बसा," आजी म्हणाल्या. नीरजने स्वतःची सातव्या कोर्सची प्लेट त्यांच्यापुढे सरकवली. आंबाडीचं आंबट सार आणि त्यात लाडवाएवढा भात. विलासभाऊ खाली मान घालून जेवले. प्लेट पुसून घेतली. मग म्हणाले, "थोडा भात वाढव, नीरज. आंबाडीवर भात पाह्यजे." नीरजने वहीत लिहून घेतलं. एरवी तो असं काही लिहून घेत नाही.

शेवटच्या गोडाच्या प्लेट टेबलवर आल्या आणि दारात बाबूजी दिसले. एकटेच. बाकीचे गाडीत होते.

"झालं का तुह्यं?" त्यांनी आजींना विचारलं.

"तुम्ही जेवले का?"

"जेवलो. शेवभाजीत मीठ जास्त." ते थोडे घुटमळले. "गर्दी होती. तुह्यासाठी जागा धरून ठेवली होती मी, मंग आठवलं तू इकडं आहेस."

आजींनी शेजारची खुर्ची मागे ओढली. त्यांच्या प्लेटमध्ये जवसाच्या हलव्याची एक वडी होती. तिचे दोन तुकडे करून त्यांनी एक बाबूजींना दिला. बाबूजींनी तो तोंडात टाकला, चघळला, आणि मला विचारलं, "हे अजून आहे का?"

"नाही बाबूजी. आठच होत्या."

"मंग एवढं कमी काऊन करता?"

यावर नीरज सगळ्यात मोठ्याने हसला.

फीडबॅक कार्ड माणशी एक द्यायची पद्धत. जावयाने गाडीत बसून एकच भरलं, सर्वांच्या वतीने. "सर्व्हिस उत्तम. पोट रिकामे." दुसरं आजींनी मला लिहायला लावलं. त्यांना लिहिता येत होतं, पण चष्मा मोठ्या सुनेच्या पर्समध्ये राहिला होता. "लिहा, मले आवडलं. आनि हळदीचं लिहा." मी दोन्ही लिहिलं. जाताना त्यांनी नीरजला वायगावच्या भावाचा फोन नंबर दिला. हळद चांगली मिळेल म्हणून नाही, तर भाजायची कशी ते तो सांगेल म्हणून.

विलासभाऊंनी ती दोन्ही कार्डं गल्ल्याजवळ उभं राहून दोनदा वाचली. निकाल दुसऱ्या दिवशी लागला. आठ कोर्सचं जेवण फक्त रविवारी आणि बुकिंगवर. बाकी दिवस थाळी, भात पाहिजे तेवढा. थाळीत पनीरही आलं. नीरज गेला नाही. तो पनीरच्या वाटीकडे पाहत नाही, एवढंच. लोकांची दोन टोकं अजून तशीच आहेत. काही जण स्वर्ग म्हणतात, काही जण वाटेत ढाबा शोधतात. आता मला त्याचा घोर लागत नाही.

एक बदल मात्र मी माझ्यापुरता केला. पूर्वी बुकिंग घेताना विचारायची, किती जण, किती वाजता, ॲलर्जी कशाची. आता त्याआधी विचारते, यातल्या कोणाकोणाला खरंच यायचं आहे. पलीकडे फोन धरूनच घरच्यांना विचारणं सुरू होतं. मग बहुतेक वेळा आकडा कमी होतो, आणि जे येतात ते शेवटच्या प्लेटपर्यंत बसतात.