न वाचलेलं कार्ड

सुई दिसायच्या आधीच तो डाव्या हाताची बाही खांद्यापर्यंत सारायचा. "टोचा, काका. आमचं रगत सगल्यांचं हाय."

कळंबोलीच्या लोखंड बाजारात तो वजनकाट्यावर होता. पनवेलात माझी रक्त तपासायची लॅब. त्याचा थोरला भाऊ, ट्रकवाला, एड्सने गेला. तेव्हा हा मुंबईला जाऊन एचआयव्हीच्या लशीच्या चाचणीत नाव घालून आला. लस निरोगी माणसांवर आजमावत होते. आमच्या आळीने त्याला वेड्यात काढलं, त्यात मी पुढे.

दहावी नापास माणूस मला विज्ञान सांगायचा. "ह्यो इषाणू रोज तोंड बदलतो, काका. आन लपतो कुटं, तर आपल्याच पोलीस चौकीत, रोगाशी लडनाऱ्या पेशींत."

"मग पकडणार कोण, तू?" मी लॅबमधल्या मदतनिसाकडे बघून हसायचो.

"मी नाय. पन माजा हात लागतो मुंबईच्या डाक्टरांना."

पुढे उरणच्या मुलीशी त्याचा साखरपुडा झाला. मुलीच्या मामाला रक्ताचा रिपोर्ट हवा होता, तोही माझ्याच लॅबचा. मला केवढा फुगारा! तो आला, बाही सारली आणि खिशातून प्लास्टिकमध्ये जपलेलं, लशीच्या चाचणीवाल्यांनी दिलेलं कार्ड काढलं.

"तुमची टेस्ट खोटं बोलंल, काका. लशीच्या खुना हायत रक्तात, रोग नाय. आदी ह्ये वाचा, मुंबईला फोन लावा."

तुम्ही आळीकर मला ओळखता. पांढरा कोट, भिंतीवर सत्काराचा फोटो. हमालांच्या बाजारातला माणूस मला वाचायला शिकवणार? मी कार्ड बाजूला सरकवलं. रिपोर्ट पॉझिटिव्ह आला. तो मी त्याच्या नव्हे, मामाच्या हातात दिला. वर सल्लाही दिला, पोरीला वाचवा.

लग्न मोडलं. महिन्याने त्याने मुंबईचा कागद आणून दिला. थेट विषाणू शोधणारी तपासणी, स्वच्छ. त्याला एचआयव्ही कधीच नव्हता. "मामांना येवढं सांगा, काका," म्हणाला. मी हो म्हणालो आणि कागद खणात टाकला. लॅबचं नाव गेलं असतं ना!

तुम्हीही थोर. त्याच्या घरचा चहा तुम्ही बंद केलात, नळावर त्याची कळशी मागे ठेवलीत. विचारायला एकही जण आला नाही. येणार कसा, काका सांगतात म्हणजे खरंच असणार.

काही वर्षांनी ती चाचणी बंद पडली. तोच सांगायला आला. "लस फेल गेली, काका. पुडचे डाक्टर ह्या वाटेनं जानार नाय, येवढं तरी झालं." मामाचं नाव त्याने पुन्हा कधी काढलं नाही.

गेल्या महिन्यात काट्यावरच छातीत कळ येऊन तो गेला. आळीतले दोघे लॅबमध्ये आले. "काका, आंघोळ घालायचीय. हातमोजे द्या."

मी अख्खा खोका काढून दिला.

मागोमाग गेलो, दारातच थांबलो. एकाने लांबून पाणी ओतलं. दुसऱ्याने रबरी बोटांच्या चिमटीत त्याचा डावा हात उचलून धरला होता, आणि तो हात त्याने स्वतःच पुढे केल्यासारखा दिसत होता.