‘डल’ म्हणायचं नाही

लालबागमध्ये माझ्या साडूंच्या देखत ‘डल’ हा शब्द उच्चारून धडपणे घरी परतलेला माणूस माझ्या पाहण्यात नाही. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. वय बहात्तर, अंगकाठी वाळकुडी, आणि सलग पाच मिनिटं एका जागी बसल्याचा पुरावा कुणाकडेही नाही. जेवताना दोन घासांच्या मध्ये उठून खिडकी उघडतील, परत येऊन बसतील, आणि वरणाचा भुरका मारता मारता समोरच्या कॅलेंडरचा तांबडा रंग कसा उडत चाललाय ते सांगतील. अशात शेजारचा कुणीतरी येऊन सहज म्हणतो, “काका, आज कायतरी डल डल वाटतंय.” झालं! हात न धुताच हे उभे. “डल म्हणजे काय रे? भांडं डल, पोर डल, शर्ट डल, धंदापण डल! सगळ्याला एकच शब्द? अरे, चांदी काळवंडते. भांड्याची कल्हई जाते आणि मग त्यातलं ताक कळकतं. फूल कोमेजतं, पोर मलूल होतं. तुझं नक्की काय झालंय ते सांग!” तो बिचारा बहुधा वर्तमानपत्र मागायला आलेला असतो.

माझ्यावर हा प्रसंग लग्नानंतर पंधरा दिवसांत ओढवला. आम्ही दादरहून त्यांच्या चाळीत जेवायला गेलो होतो. मी त्यातल्या त्यात बरा शर्ट घातला होता. साडूंनी दारातच माझी बाही चिमटीत धरली, मला गॅलरीत ओढलं आणि विचारलं, “साडूभाऊ, हा विटलाय, की मुळात फिकाच घेतलात?” मी नवा जावई. माझे कान तापले. पण ते मनापासून विचारत होते. “विटला असेल तर वाईट वाटून घेऊ नका. विटलेल्याला एकदा रंग होता. फिक्याला तो कधी नव्हताच. तुमचा विटलाय. चांगला शर्ट होता.” एवढ्या गंभीरपणे माझ्या कपड्यांची तारीफ त्यानंतर आजतागायत कुणी केलेली नाही.

हे वेड त्यांना नोकरीने लावलं. गिरणीच्या रंगखात्यात रंगवून आलेलं कापड नमुन्याशी ताडून पाहणं हे त्यांचं काम. तिथे शब्द चुकला की पुढचं सगळं चुकायचं. ‘फिकं’ म्हटलं तर रंग कमी पडला, म्हणजे मिश्रण बदला. ‘विटलं’ म्हटलं तर गठ्ठा कुणीतरी उन्हात ठेवला, त्या माणसाला शोधा. ‘उतरलं’ म्हटलं तर धुण्यात रंग सुटला, पुन्हा टाकीत बुडवा, येईल चढून. आणि एक शब्द ते क्वचितच वापरत, तोसुद्धा आवाज खाली आणून. ‘निस्तेज.’ म्हणजे रंग ठीक, धुणं ठीक, पण सूतच आतून गेलेलं. त्याला कितीदाही बुडवा, उपयोग नाही. असं कापड निघालं की यंत्र थांबवून पार मागे कापसापर्यंत जायचं, अशी तिथली रीत. शिवाय जरा शंका आली की ते दिव्याच्या उजेडावर कधीच भरवसा ठेवत नसत. कापड बाजूला सारून म्हणत, “उद्या सकाळी परत दाखवा.”

गिरणी गेली, तिच्या जागेवर काचेचे मनोरे आले, पण साडूंचं तपासणी खातं चालूच राहिलं. दादरच्या दुकानात माझ्या मुलीच्या लग्नाचा शालू बघायला त्यांना नेण्याची घोडचूक आम्ही केली. त्यांनी शालू खांद्यावर टाकला आणि ते सरळ फुटपाथवर चालते झाले. मागे वॉचमन, वॉचमनमागे मालक, मालकामागे मी. साडू सिग्नलपाशी शालू उन्हात धरून उभे! तो हिरवा रंग उजेडात खरंच सुरेख दिसत होता, पण सूर्य डोक्यावर आलेला त्यांना चालेना. ते मालकाला म्हणाले, “उद्या सकाळी परत दाखवा.” शेवटी दोघी बहिणींनी त्यांना न सांगता जाऊन तो आणला. लग्नाचे फोटो मुलीने मोबाइलवर दाखवले तेव्हा सगळ्यांचे चेहरे लख्ख चमकत होते. तिने काहीतरी फिल्टर लावला होता. साडू म्हणाले, “पोरी, याला तेज नाही म्हणत, तेल म्हणतात.”

ताईला, म्हणजे त्यांच्या बायकोला, या सगळ्याची सवय झाली होती. “तुमी आधी बसा बघू,” हे तिचं दिवसातलं पहिलं आणि शेवटचं वाक्य. पण गेल्या गणपतीनंतर ती खरोखरच चिडली. चाळीच्या जागी टॉवर व्हायचं ठरत होतं. सगळ्यांनी सह्या केल्या, आणि साडू नमुन्याचा फ्लॅट बघायला गेले ते तिथल्या भिंतीवर बोटं फिरवून “उद्या सकाळी परत दाखवा” म्हणून परत आले. असे चार वेळा. ताईचे गुडघे दुखतात, संडास गॅलरीच्या टोकाला. तिने बोलणंच टाकलं. तिचा चेहरा उतरला. साडूंनीच तसं जाहीर केलं, “हिचा चेहरा उतरलाय. माझ्यामुळेच.” आणि उतरलेल्यावरचा उपाय त्यांना ठाऊक होता. ते रोज तिला अबोलीची वेणी आणू लागले. सुरमई आणली. मालवणी खाजं आणलं. शेवटी निमूट जाऊन सहीसुद्धा करून आले. ताई बोलायला लागली, हसायलाही लागली, पण चेहरा काही चढेना. जिना चढताना ती मध्येच टेकायची. माझी बायको म्हणाली, “भावोजी, ताईला डॉक्टरकडे नेऊया का?” साडू ठामपणे म्हणाले, “नको गं. उतरलाय तो. येईल चढून.” आम्हीही गप्प बसलो, कारण या विषयात त्यांचा शब्द शेवटचा.

संक्रांतीचं हळदीकुंकू आमच्याकडे होतं. साडू ताईला घेऊन आले. बायका यायला अजून वेळ होता. माझ्या बायकोने तिळगुळाचा डबा काढायला गॅलरीचं दार सताड उघडलं, आणि दुपारचा उजेड समोर बसलेल्या ताईच्या तोंडावर पडला. साडू नेहमीप्रमाणे येरझारा घालत होते. ते थांबले. त्यांच्या हातातली बशी खाली पडली, तिकडे त्यांनी बघितलंही नाही. ते ताईसमोर गुडघ्यांवर बसले, तिची हनुवटी उजेडाकडे वळवली आणि अगदी खालच्या आवाजात म्हणाले, “निस्तेज.” “माका कायएक झाला नाय,” ताई म्हणत होती, तोवर यांनी तिच्या चपला आणल्या होत्या.

परळच्या हॉस्पिटलात कळलं की पोटात व्रण होता. आतल्या आत कित्येक आठवडे थोडंथोडं रक्त जात होतं, अंगात फारसं उरलंच नव्हतं. डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत, फक्त म्हणाल्या, “दोन महिने आधी आणायचं ना, आजोबा.” ताईला रक्त चढवायला आत नेलं आणि साडू त्या कॉरिडॉरमध्ये या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत राहिले. त्यांना बसवायचा मी पुष्कळ प्रयत्न केला आणि शेवटी त्यांच्याबरोबर चालू लागलो. बऱ्याच वेळाने ते म्हणाले, “शेड चुकली माझी. निस्तेज होती ती, आणि मी उतरलेली म्हणत बसलो.” मी म्हटलं, “अहो, कुणालाही कळलं नसतं.” ते एकदम थांबले. “मला कळलं असतं, साडूभाऊ. कापड, शालू, तुमचा शर्ट, सगळं मी बाहेर उजेडात नेऊन बघितलं. हिला तेवढी स्वयंपाकघरातल्या ट्यूबलाइटखाली बघत राहिलो.” आम्ही पुन्हा चालू लागलो.

ताई वाचली. महिन्याभराने मी भेटायला गेलो तेव्हा ती खाटेवर पेज पीत होती आणि साडू शेजारी स्टुलावर बसले होते. चक्क बसले होते! मला ते बघवेना. त्यांना चेव यावा म्हणून मी मुद्दाम मोठ्याने म्हटलं, “तुमचा पडदा फारच डल झालाय हो.” ते पडद्याकडे बघून म्हणाले, “हो, झालाय खरा.” त्या क्षणी मला हॉस्पिटलातल्यापेक्षा जास्त भीती वाटली. मग खाटेवरून पेजेचा वाडगा खाली ठेवत ताई म्हणाली, “डल खयचो? विटलो म्हणतत त्येका. दोन वर्सा उन्हात आसा तो.” साडूंनी तिच्याकडे बघितलं. मग उठले, पडद्याची कड चिमटीत धरली आणि खोलीतल्या खोलीत एक फेरी मारली. मी सुटकेचा निःश्वास टाकला.

आता त्यांचा एक नवा नेम झालाय. गिरणीच्या जागेवरच्या दोन मनोऱ्यांच्या फटीतून त्यांच्या गॅलरीत उजेड येतो तो साडेनऊला, आणि जेमतेम वीस मिनिटं टिकतो. सव्वानऊपासून साडूंचा जीव खालीवर होत असतो. उजेड आला की ते ताईला हाताला धरून बाहेर आणतात, तिची हनुवटी वर करतात आणि बघत राहतात. डॉक्टरीणबाईंनी कधीच सांगितलंय की सगळं उत्तम आहे, आता वर्षाने आलात तरी चालेल. परवा मी तिथेच होतो. माझ्या डोळ्यांना तरी ताईचा चेहरा छान टवटवीत दिसत होता. तीही कंटाळून म्हणाली, “झाला बघून? पास काय नापास?”

साडूंनी तिचा चेहरा आणखी जरा उजेडाकडे वळवला. हनुवटीवरचा हात त्यांनी काढला नव्हता. मग म्हणाले, “उद्या सकाळी परत दाखव गो.”