पाल्याचा चौकोन

बागुल सर गेल्याचा फोन आला तेव्हा मी शाळेत दाखल्यांवर सह्या करत होतो. त्यांची मुलगी म्हणाली, "काका, बाबा सकाळी गेले. आई म्हणाली, तुम्हाला आधी सांग." आधी मला... या गोष्टीला दीड महिना झाला. त्या शब्दातून मी अजून सुटलेलो नाही.

परराज्यातल्या कापडाच्या शहरात, पर्वत पाटिया या वस्तीजवळच्या आमच्या मराठी शाळेत ते नववी-दहावीला विज्ञान शिकवत, मी मुख्याध्यापक. मुलं बहुतेक खानदेशातून आलेल्या कापड कामगारांची. जंगल त्यांनी पाहिलेलं ते गावी जाताना, बसच्या खिडकीतून. सहलीला परवानगी मिळेना, तेव्हा सरांनी शाळेमागच्या कडुलिंबाखाली दोरीने दहा फुटांचा चौकोन आखला आणि तिथे झाडू मारायचा नाही, असं जाहीर केलं. पाला पडू दे, कुजू दे. दर शनिवारी मुलं उकिडवी बसून गांडुळं, वाळवी, उगवलेली रोपं मोजायची. वनखातं कुठलं झाड तोडतं, वाळलेलं खोड मुद्दाम का राखतं, वणवा अडवायला पट्टा कसा साफ करतं, हे सगळं सर त्या दहा फुटांत शिकवत. एकदा दीपाली नावाची मुलगी नाक दाबून म्हणाली, "सर, हा तर कचरा आहे. माझी मम्मी बघेल तर तुमच्याच हातात झाडू देईल." सर घरच्या अहिराणीत म्हणाले, "बेटा, हाऊ कचरा नही शे, झाडनं जेवन शे. तुनी मम्मीले सांग, ताट उचलू नको."

तपासणीच्या आदल्या दिवशी मी शिपायाला तो चौकोन झाडून पाला जाळायला सांगितलं. मला कुणी तसं सांगितलं नव्हतं. अधिकारी मागच्या बाजूला येतीलच, असंही नव्हतं. मी घाबरलो, एवढंच. मधल्या सुट्टीत सर राखेपाशी उभे होते. "कुणी सांगितलं?" मी म्हणालो, "संस्थेकडून आलं. मी खूप नाही म्हटलं, सर." त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "तुम्ही तरी काय करणार..."

महिन्याभरात तिथे फरशी झाली. ती खरोखरच संस्थेने बसवली, त्यामुळे माझं खोटं आणखी पक्कं झालं. निवृत्तीपर्यंत सर जंगल फळ्यावर शिकवत राहिले आणि भेटेल त्याला सांगत राहिले, की मुख्याध्यापक आपल्या बाजूचे आहेत. दर दिवाळीला त्यांच्या घरी जाताना आज सांगूच, असं ठरवायचो. फराळाची ताटली हातात आली की राहून जायचं.

शोकसभेनंतर वहिनींनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, मला एक वही दिली. "शाळेत ठेवा, भाऊ. नव्या मुलांना दाखवा." शनिवारच्या नोंदी होत्या, मुलांच्या अक्षरांत. जाळल्यानंतरचेही तीन शनिवार होते. जळल्या जमिनीवर आधी काय येतं, तो धडाही सरांनी सोडला नव्हता. पहिला शनिवार: काही नाही. दुसरा: मुंग्या. तिसरा: गवताची चार पाती. वर 'नुकसानीचं कारण' या रकान्यात मात्र सरांचं स्वतःचं अक्षर: 'संस्थेचा आदेश. मुख्याध्यापकांचा विरोध होता.'

मुलांना ते बजावत, स्वतः पाहिलेलंच लिहा. माझ्यासाठी त्यांनी तो नियम मोडला होता.

विज्ञानाचे नवे शिक्षक वही दोनदा मागून गेले. वनांचा धडा आला होता. मी देतो, देतो म्हणत राहिलो. सरांचं अक्षर खोडवेना. शेवटी गेल्या रविवारी त्याखाली लिहिलं, 'हे खरं नाही. आदेश माझा होता', सही केली आणि वही घेऊन वहिनींकडे गेलो. "या भाऊ, यांच्या खुर्चीत बसा," त्या म्हणाल्या. मी बसलो आणि ते पान उघडून दिलं. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचलं. वही मिटून माझ्या मांडीवर ठेवली.

"हे त्यांना सांगायचं होतं, भाऊ. मला सांगून काय?"

त्या आत निघून गेल्या. मी सरांच्या खुर्चीत बसून राहिलो. उठायचं कसं, ते कळेना...