काकीच्या अंगणाला मी लावलेला बोल

सात वर्षांपूर्वी शिमग्यात देवीची पालखी पडली, ती मी प्यायलो होतो म्हणून पडली.

सुलभाकाकीच्या अंगणात काहीही दोष नव्हता.

गावातल्यांनो, हे परत एकदा वाचा. मग पुढे जा.

काकी परवा गेली. आमची शेजारीण. काल तिला पोचवून आलो आणि आज हे लिहितोय.

जे आमच्या गावचे नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. शिमग्यात देवी पालखीतून घरोघर येते. खांद्यावर पालखी नाचवतात, मग अंगणात टेकवतात, घरची बाई ओटी भरते. मुंबईची नोकरी सुटली तरी चालेल, पण त्या दिवशी घरी असलं पाहिजे, अशी आमची माणसं.

मी पालखी नाचवणाऱ्यांतला. पालखीला खांदा द्यायचा तर प्यायचं नाही, हे शेंबड्या पोरालाही कळतं. मी सकाळीच दोन क्वार्टर मारून गेलो होतो.

काकीच्या अंगणात माझा पाय दुमडला. पालखी आडवी झाली. ढोल थांबले.

सगळे माझ्याकडे बघायला लागले आणि मी म्हणालो, "माझा पाय कोनीतरी खेचला. या अंगणात काहीतरी हाय."

एका वाक्यात मी सुटलो.

दारुड्याचं डोकं इतर कशाला चालत नाही, पण खोटं बोलायला भलतंच फास्ट चालतं.

मग गावात कुजबुज. विधवा बाई, एकटी राहते, काहीतरी चुकलं असेल तिचं. देवीला ते अंगण मान्य नाही, असं ठरलं. पुढच्या वर्षापासून पालखी तिच्या दारावरून न थांबता जायला लागली.

तरी काकी दर शिमग्याला अंगण सारवायची. ओटीचं ताट घेऊन अंगणाच्या दगडी गडग्याशी उभी राहायची. पालखी पुढे गेली की ताट घेऊन आत जायची.

तिचा मुलगा सुनील मुंबईला असतो. त्याने एक वर्ष हे बघितलं आणि शिमग्याला यायचंच सोडलं.

मीही दर वर्षी बघत होतो. पालखी खांद्यावर घेऊन बघत होतो.

आता पावणेदोन वर्षं झाली, प्यायलो नाही. रत्नागिरीत दारू सोडणाऱ्यांच्या ग्रुपच्या मीटिंगला जातो. तिथे एक टप्पा येतो. पिण्यापायी ज्यांचं ज्यांचं वाईट केलं त्यांची लिस्ट करायची आणि त्यांच्यासमोर जायची तयारी करायची.

माझ्या लिस्टमध्ये बायको होती, भाऊ होता, एक जुना पार्टनर होता. काकीचं नाव मी सगळ्यात खाली लिहिलं. बारीक अक्षरात.

ग्रुपमध्ये एक सीनियर आहेत, रिक्षा चालवतात. नाव सांगायचं नसतं, म्हणून भाई म्हणतो. लिस्ट बघून ते म्हणाले, "हे खालचं नाव सगळ्यात जड दिसतंय."

"तयारी करतोय, भाई."

"कर. पण उद्या सोडतो, उद्या सोडतो म्हणत आपण किती वर्षं प्यायलो? तयारीचं पण तसंच होतं."

मला राग आला होता त्यांचा.

दिवाळीत काकीकडे गेलो. काय बोलायचं ते आरशासमोर चार वेळा म्हणून गेलो होतो. काकी ओटीवर तांदूळ निवडत बसली होती.

"काकी, ती पालखी पडली ना, तेव्हा..."

"तू प्यायला व्हतास. म्हायत हाय मला," ती म्हणाली. मान वर केली नाही. "माज्या म्होरंच पडलास. वास आला."

"मग तेव्हाच का नाय बोललीस?"

"तुजी आय उभी व्हती तितं. आदीच तुज्यापायी मान खाली घालून फिरायची. त्यात आनी कशाला?"

मला रडू फुटलं.

"माज्याकडं रडून काय उपेग? आता सुदारलायस तर गावकीत उभा ऱ्हा नि सांग. माजा सुन्या शिमग्याला आला पायजे."

गावकीची बैठक पौषात झाली. मी गेलो. खिशात लिहिलेला कागद होता. चहा पिऊन परत आलो.

माघातही झाली. तेव्हा गेलोच नाही. गिऱ्हाइकाचा फ्रीज बंद पडलाय, दुरुस्तीला जावं लागतंय, असं कळवलं. भाईंना म्हणालो, अजून तयारी होत नाहीये.

आणि परवा काकी गेली. झोपेतच.

काल सगळं आटपल्यावर सुनील पऱ्ह्याच्या वाहत्या पाण्यात आंघोळ करून दगडावर बसला होता. त्याला सगळं सांगितलं. बिनाप्रॅक्टिसचं, जसं आलं तसं.

वाटलं, मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं.

ओला टॉवेल पिळत तो म्हणाला, "मी तिला फोनवर विचारलेलं. आई, तू काय पाप केलंस काय, म्हनून देवी येत नाय आपल्याकडं."

"मग?"

"म्हनाली, असंल बाबा कायतरी."

माझ्या आईचा मान राखायला ती बाई स्वतःच्या मुलापुढे पापी ठरली. आणि मी आरशासमोर वाक्यं घोकत होतो.

रात्री आईला सांगितलं. ती ताटावरून उठली.

शिमगा आठ दिवसांवर आलाय. सुनील दिवसकार्यासाठी थांबलाय, म्हणजे इतक्या वर्षांनी तो शिमग्यात गावाला असेल. पण घराला सुतक. पालखी यंदाही त्या दारात थांबणार नाही. दोन बैठका मी गप्प बसलो, म्हणून काकी तो बोल घेऊनच गेली.

रविवारी शिमग्याची बैठक आहे. तिथे मी उभा राहून हेच बोलणार आहे. गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हे आधीच टाकलंय, म्हणजे माघार घेता येणार नाही.

काकी, तुझं काहीही चुकलं नव्हतं. हे तू ऐकत असताना चारचौघांत बोलायला हवं होतं.

श्रद्धांजली लिहायला हात धजत नाही. नमस्कार करतो.