टेलरबाईंचा ग्रुपसेट

दुसऱ्या मजल्यावरच्या टेलरबाईंचं ‘तयार’ या शब्दाशी जन्माचं वाकडं. तयार कपडे, तयार पडदे, तयार अभ्रे, सगळ्यांवर त्या नाक मुरडणार. कापड एका दुकानातून, अस्तर दुसऱ्यातून, चेन तिसऱ्यातून आणि बटणं घरच्या बरणीतली. त्यातून असा कोट उभा करतात की घालणारा आठवडाभर आरशासमोरून हलत नाही. आता याच हुशारीने त्यांना एकदा तोंडावर पाडलं. ते सांगायलाच हवं, नाहीतर पोटात दुखेल.

त्यांचा धाकटा भाऊ परदेशी जाताना आपली रेसची सायकल त्यांच्याकडे टाकून गेला होता. सांगाडा आणि चाकं ठणठणीत, बाकी सगळं गंजलेलं. सायकल बाल्कनीत, नवऱ्याच्या कुंड्यांच्या वाटेत. नवरा नुकताच निवृत्त झालेला. ऑफिस सुटलं, साहेबी सुटली नाही. एका संध्याकाळी त्याने चहा पिता पिता हुकूम सोडला, “रविवारी भंगारवाल्याला बोलावलंय. ती सायकल देऊन टाकू.”

“रविवारी मी तिच्यावरून फिरायला जाणार आहे,” बाई म्हणाल्या. खरं तर हे त्यांनाही तेव्हाच कळलं.

नणंद शेजारी बसून बिस्किटं संपवत होती. “अगं वहिनी, गुडघे कोणाचे नेणार?”

“तुझे नेते. तसेही नुसते पडूनच असतात.”

दुसऱ्या दिवशी बाई सायकलच्या दुकानात. दुकानदार म्हणाला, “ताई, तुम्हाला ग्रुपसेट लागेल. हँडलवरच्या गिअरच्या कळा, मागची दातेरी चक्रं, साखळी, ब्रेक, सगळं एकमेकांशी जुळवलेलं. हा आठ गिअरचा घ्या. सुरुवातीला उत्तम, डोक्याला ताप नाही.”

जुळवलेलं म्हणजे तयारच की! बाईंच्या कपाळाला आठी. त्यांनी तिथून फक्त कळा आणि साखळी सरकवणारा मागचा हात घेतला. साखळी अन् ब्रेक पलीकडच्या गल्लीतून. मागची चक्रं तिसरीकडून, कारण तिथला दुकानदार आठाऐवजी नऊ देत होता. एक चक्र जास्त मिळतंय म्हटल्यावर बाई कशाला सोडतात!

शुक्रवारी सायकल जोडून झाली. बाईंनी आवारात एक फेरी मारली आणि मागून असा खडखडाट सुटला की मांजरं भिंतीवर चढली. साखळी धड या चक्रावर बसेना, धड त्या. कळेला घरं आठ, मागे चक्रं नऊ. आठ काजांना नऊ बटणं लावल्यावर शर्टाचं व्हायचं तेच झालं.

“वा!” नवरा बाल्कनीतून ओरडला. “भंगारवाल्याला आता पत्ता शोधायला नको!”

नणंद हसून हसून खुर्चीत आडवी.

बाई सायकल ढकलत पहिल्या दुकानात गेल्या. दुकानदाराला तर उकळ्याच फुटल्या. “सांगितलं होतं ना! असं करा, ही मला देऊन टाका आणि पुढे टोपली असलेली ती सायकल न्या. तुमच्या वयाला शोभेल.”

“चुकले मी,” बाई म्हणाल्या. “पण चुकले म्हणून टोपली लावून फिरणार नाही. मागची चक्रं दाखवा. आठवाली.”

त्याने एक गठ्ठा पुढे ठेवला. बाईंनी त्यातल्या सगळ्यात मोठ्या चक्रावरून बोट फिरवलं. “एवढंसंच? आमच्या फाटकाबाहेर लगेच चढ आहे. याहून मोठं हवं.”

“एवढं मोठं चक्र म्हातारी माणसं लावतात हो, ताई, पायांना जोर लागू नये म्हणून.”

“मग शोभेलच की! आत्ताच तर वयाचं बोलत होतात.”

दुकानदाराने गुपचूप मोठ्या चक्राचा गठ्ठा काढला. तो कळांशी आणि मागच्या हाताशी जुळतो का, हे बाईंनी दोनदा वदवून घेतलं. बसवल्यावर प्रत्येक गिअर स्वतः टाकून पाहिला, आणि मगच पर्स उघडली.

रविवारी भंगारवाला वेळेवर हजर. बाई सायकल घेऊन खाली उतरल्या, तर तो फाटकात उभा. “ताई, हीच का?”

“हीच. जरा धरता का? हेल्मेटचा पट्टा लावते.”

त्याने बिचाऱ्याने इमानदारीत सायकल धरली. पट्टा लागला, बाई बसल्या आणि निघाल्यासुद्धा. वर बाल्कनीत नवरा आणि नणंद कठड्याला चिकटलेले. चढ लागला. बाईंनी कळ दाबली, साखळी एकेक चक्र चढत त्या सगळ्यात मोठ्यावर जाऊन बसली. आवाज एवढासा. पाय हलके फिरायला लागले, सायकल मात्र गोगलगाईसारखी. शेजारून पायी चाललेला एक माणूस त्यांना मागे टाकून गेला. बाईंनी त्याच्याकडे ढुंकून पाहिलं नाही आणि पाय खाली टेकवला नाही.

“अगं, जेवणाचं काय?” नवऱ्याने वरून हाक मारली.

“डाळ-तांदूळ घरात आहेत,” बाई मागे न बघता ओरडल्या, “माणसं पण दोन आहेत!”

आणि चढाच्या वळणावर दिसेनाशा झाल्या. भंगारवाला अजून फाटकातच उभा होता. त्याने वर पाहून विचारलं, “साहेब, मग दुसरं काही आहे का?”