ड्रिलला खोबरेल

हाताला वळण नसलेल्या माणसाने हत्यार विकत घेऊ नये, हे मला पन्नाशीपर्यंत कुणी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर मी ऐकलं असतं असंही नाही.

झालं असं, की दिवाळीनंतर आई आमच्या बाथरूममध्ये घसरली. मनगट मुरगळण्यावर भागलं, पण तिने धसका घेतला. "भिंतीला धरायला एक दांडी लाव, मग मी येते," असं सांगून ती पावसला माझ्या बहिणीकडे जाऊन राहिली. तिथे तिला काही कमी नव्हतं. तरी रोज फोन यायचा आणि 'जेवलास का'च्या आधी विचारायची, "लागली रे दांडी?"

दांडी आणून मला महिना झाला होता. मधे गिझर बघायला प्लंबर आला, त्याच्याकडे मशीनही होतं. "काका, चार भोकं पाडायची ना? पाच मिनिटं," म्हणाला. मी त्याला ऐटीत सांगितलं, "नको, माझं स्वतःचं ड्रिल आहे." बायको स्वयंपाकघरातून ज्या नजरेने बघत होती, ती मी बघितलीच नाही असं दाखवलं. प्लंबर चहा पिऊन पूर्णगडला एका मोठ्या कामावर निघून गेला, तो गेलाच.

ड्रिल होतं, हे खरं. काम सोडून मुलाकडे राहायला निघालेल्या एका सुताराकडून मी ते घेतलं होतं. कॉर्डलेस. बॅटरीची कडी तुटलेली, म्हणून त्याने ती सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळून आवळून बांधली होती. देताना तो म्हणाला होता, "स्विच जरा दमलाय हां." म्हणजे दाबलं की कधी चालायचं, कधी नुसतं गप्प. अंगठ्याने एका बाजूला रेटून धरलं तर चालायचं, पण मग दुसऱ्या हाताने काय करायचं ते सुचायचं नाही.

हार्डवेअरच्या दुकानदाराने ते बघितलं आणि म्हणाला, "आख्खा स्विचच बदला. मागवतो, आठ दिवस लागतील." पण आदल्याच दिवशी मी आईला फोनवर सांगून बसलो होतो, "रविवारी ये. दांडी लागली समज." आणि आज शुक्रवार.

शनिवारी सकाळी ओटीवर वर्तमानपत्र पसरून मी ड्रिल उघडलं. स्विचच्या आत तांब्याच्या दोन पट्ट्या, झिजून काळ्या पडलेल्या. पॉलिश पेपरने घासल्या, एक जराशी वाकवली, म्हणजे दुसरीला नीट टेकेल. पुन्हा जोडताना एक स्क्रू उरला. तो मी खिशात टाकला. बटण दाबलं, आणि काय सांगू, ड्रिल फिरलं! फक्त बटण परत बाहेर यायला कुरकुरत होतं. आमच्या घरात कुरकुरणाऱ्या सगळ्यावर एकच औषध. दाराची बिजागरी असो, शिलाई मशीन असो, नाहीतर माझं डोकं, घरच्या नारळाचं खोबरेल. मी सढळ हाताने ओतलं. लोण्यासारखं चालायला लागलं.

"अहो, त्यात तेल घालतात का?" बायकोने विचारलं.

"तुला यातलं काय कळतं?" मी म्हटलं.

तो महिना पौषाचा होता. रविवारी पहाटे खोबरेलाची बाटली शेल्फावर पांढरी घट्ट गोठलेली मी डोळ्यांनी बघितली, डोक्यालाही तेच लावलं, आणि तरीही माझ्या टाळक्यात काही उजेड पडला नाही. बाथरूममध्ये गेलो, टाइलवर पेन्सिलीने फुली मारली, ड्रिल टेकवलं, बटण दाबलं. घर्र करून टोक आत गेलं. छान. बटण सोडलं. ड्रिल चालूच.

बटण आतल्या आत रुतून बसलं होतं. नखाने ओढलं, येईना. टोक टाइलमध्ये अडकलं आणि मग ड्रिलच माझ्या हातात गरगरायला बघू लागलं. सोडलं तर भिंतीला लटकून फिरेल, धरलं तर माझी मनगटं जातील. बॅटरी काढावी, तर ती सुताराने जन्मासाठी बांधलेली.

"अगो, कात्री आण!"

"कशाला?"

"रबर काप!"

"कुठलं रबर?"

"ड्रिलचं गो!"

तिने कापलं, बॅटरी बादलीत पडली, ड्रिल थांबलं. शांततेत एक टाइल सावकाश सुटली आणि फुटली. मागोमाग तिच्या खालच्या दोन. आतला लाल चिऱ्याचा दगड उघडा पडला. त्याच्यावरचं सिमेंट हाताने पोखरल्यासारखं गळत होतं. त्या जागी आता दांडीच काय, टॉवेलसुद्धा टांगता आला नसता. मी प्लंबरला फोन लावला. "गुरुवारी बघतो, काका."

"आईंना फोन करा, नका येऊ म्हणावं," बायको म्हणाली. तेवढ्यात गेटपाशी रिक्षा थांबली.

आई पिशवी घेऊन तडक आत आली. भिंत बघितली, खाली पडलेले तुकडे बघितले, माझ्याकडे बघितलं. मला वाटलं आता बोलणार.

"पाणी तापलंय का?" तिने विचारलं. "तिथे आंघोळ न करता निघालेय. घरी करीन म्हटलं."

"आई, दांडी नाही लागली."

"दिसतंय मला."

"ही येईल आत तुझ्याबरोबर."

"कुणी नको आत. दाराशी उभा राहा आणि हात दे."

बायकोने तुकडे झाडून काढले, स्टूल ठेवलं. मी दाराआड पाठ करून उभा राहिलो, एक हात आत. पाण्याचा आवाज येत होता. मधेच तिची ओली बोटं माझ्या मनगटाभोवती आली, आणि ती उठायला लागली. कधी नव्हे इतकं घट्ट धरलं होतं तिने. वजन फारसं नव्हतं.

"हलू नको रे," ती म्हणाली.

"नाही हलत," मी म्हटलं, आणि दुसऱ्या हाताने चौकट धरली.