दैवशालाच्या पुस्तकांचं वाण

माझी सून दैवशाला पुस्तकं वाचते हे आम्हाला तिच्या लग्नातच कळलं. रुखवतात एक पत्र्याची पेटी आल्ती, ती उचलायला चार गडी लागले. आमच्याकडच्यांना वाटलं, पितळ असंल. उघडली तर पुस्तकं. माझे मालक बरेच दिवस पाहुण्यारावळ्यांत त्या पेटीचा विषय निघाला की तंबाखू मळायला बाहेर जायचे.

पेटीतली पुस्तकं वाढली, कपाटात गेली. कपाटातल्या साड्या गाठोड्यात गेल्या. मंग माझ्या लेकानं, रामप्रसादनं, त्याच्या खता-बियाण्याच्या दुकानात नवे रॅक बसवले आणि जुने लोखंडी रॅक भंगारात घालायला घरी आणून टाकले. दैवशालानं ते घासून पुसून बैठकीत उभे केले. त्यांच्यावरच्या चिठ्ठ्या मात्र काही केल्या निघाल्या नाहीत. म्हणून आमच्या घरी कादंबऱ्या कपाशीत आहेत, गोष्टी सोयाबीनमध्ये आणि कविता तणनाशकात. रामप्रसाद म्हणतो, कविता बराबर जागी हाय. मी आपली तिसरी शिकलेली. मोठ्या अक्षरातलं वाचते, बारीक अक्षराच्या पुस्तकांची धूळ पुसते.

दर आठवड्याला दैवशाला मोबाईलवर एका पुस्तकाबद्दल सांगते. मोबाईल धरायला शेजारची रुखसार येते. ती ब्लाउज शिवते, हात हलत नाही तिचा. पुण्या-अमरावतीच्या बाया खाली लिहितात, ताई, तुम्ही सांगितलं म्हणून आम्ही हे पुस्तक घेतलं. आमच्या पिंपळगावच्या बाया तेच बघतात आणि सांगतात, दैवशाले, मागची भिंत रंगवून घे. सगळ्या जगानं तिचं ऐकलं, पण शेजारच्या गल्लीतली एकसुद्धा बाई पुस्तक मागायला आली नाही, हे तिला फार लागायचं.

म्हणून यंदाच्या संक्रांतीला तिनं बेत केला आणि मला म्हणाली, "आत्याबाई, हळदी-कुंकू रॅकसमोरच ठिवू. बाया पुस्तकं बघतेल, एकेक वाचायला नेतील, वाचून आणून देतील."

वाण लुटायला तिनं चहाच्या गाळण्या आणल्या होत्या. पण व्हिडिओ चांगला दिसावा म्हणून सगळी पुस्तकं रॅकवरून काढून सतरंजीवर मांडली, प्रत्येकावर तिळाची वडी ठेवली आणि दसऱ्याला लावतो तसं हळदी-कुंकवाचं बोट लावलं. मोबाईलसमोर उभी राहून म्हणाली, "या, आवडेल ते पुस्तक घेऊन जा." रुखसार म्हणाली, "भाबी, एकदम मस्त दिख रा."

रेणुकाईच्या देवळात संक्रांतीचा ववसा देऊन सगळ्यात आधी शेजारच्या गल्लीतल्या उषाबाई आल्या. कुंकू लावून घेतलं, गाळणी पिशवीत टाकली आणि सतरंजीवरचं सगळ्यात जाड पुस्तक उचलून कपाळाला लावलं.

"यंदा वाण लई भारी काढलं गं."

दैवशालाला वाटलं, थट्टा करून राह्यल्या. म्हणाली, "वाचा हां, काकू."

"वाचीन की. वाणाचं हाय, वाचावंच लागंल."

मागोमाग द्वारकाबाई आल्या. उषाबाई आणि त्या सख्ख्या जावा. वाटणीत म्हशीचा गोठा कुणाकडं, यावरून दोघींचं बोलणं कधीचंच बंद पडलेलं. पण जावेनं काय नेलं ते बघितल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. त्यांनी तशाच रंगाचं, तेवढंच जाड दुसरं पुस्तक शोधून उचललं. मंग गावभर झालं, की रामप्रसादकडं पुस्तकं लुटून राह्यले. बोलावलेल्या आल्या, न बोलावलेल्या आल्या, आणि एकीनं तर बाळंतिणीच्या वाट्याचं म्हणून जास्तीचं एक नेलं. दिवेलागणीला पाहिलं तर गाळण्या निम्म्या उरलेल्या आणि पुस्तक एक नाही.

"आत्याबाई, मी वाचायला दिली व्हती," दैवशाला म्हणाली.

"कुंकू लावून?" मी म्हणलं.

आमच्यात वाण परत मागत नाहीत, आणि घेणारीनं परत केलं तर देणारीच्या संसाराला चांगलं नाही म्हणतात. रामप्रसाद आत आला, कपाशी, सोयाबीन, तणनाशक असे नुसत्या चिठ्ठ्यांचे रॅक बघून म्हणाला, "मोकळेच झालेत तर दुकानात नेऊ का परत?" त्यानंतर त्याला बरेच दिवस भाजीत मीठ कमी पडलं.

रुखसारला राहवेना. "मैं जाके मांगती. मेरेकू वाण का कुछ न्हाई लगता." ती उषाबाईंकडं गेली. उषाबाईंनी तिला चहा पाजला, तिळगूळ दिला आणि म्हणाल्या, "दैवशालाच्या कुंकवाला काही झालं तर ती मलाच बोलंल. न्हाई बाई." रुखसार तिळगूळ चघळत परत आली.

रथसप्तमीपर्यंत घरोघर हळदी-कुंकू चालतं. दैवशाला एरवी निम्मी टाळते, यंदा तिनं एकही सोडलं नाही. तिला नुसती पुस्तकं बघायची होती. साबणाच्या डब्या, फण्या, प्लास्टिकच्या वाट्या घेऊन घरी यायची आणि मला खबर द्यायची. एका घरी प्रवासाचं पुस्तक दुधाच्या पातेल्यावर झाकण होतं. एका घरी कवितांवर लोणच्याची बरणी. "आणि त्यांनी मलाच विचारलं आत्याबाई, बरणी हालत तर न्हाई ना म्हणून." मोबाईलवर बोलणं तिनं बंदच केलं. पुण्याच्या बाया विचारायच्या, ताई, बऱ्या आहात ना? ती मोबाईल पालथा घालायची.

रथसप्तमी झाली आणि एक दिवस दुपारी उषाबाई पदराखाली पुस्तक घेऊन आल्या. बसल्याही नाहीत.

"दैवशाले, ती विहिरीत पडली का तिला ढकललं?"

दैवशाला गहू निवडत होती. हात थांबला. "तुम्ही वाचलं?"

"वाचलं म्हणजे काय. परवापासून भाकरी करपून राह्यल्या. आणि त्या लिहिणाऱ्यानं तिथंच पुस्तक संपवलं. बाकीचं कुठंय?"

"दुसऱ्या भागात."

"मंग दे."

"द्वारकाकाकूंकडं हाय. वाणात गेलं."

उषाबाई खाली बसल्या. म्हणाल्या, "तू तर वाचलंय. सांग मंग."

"मी शेवट सांगत न्हाई, काकू. व्हिडिओतबी सांगत न्हाई."

"माझ्या गळ्याची आन हाय तुला."

"तरी न्हाई."

मी मधे म्हणलं, सांग की गं, म्हातारं माणूस हाय. उषाबाईंनी माझ्याकडं असं पाहिलं की मी गव्हात लक्ष घातलं.

तेवढ्यात दारात द्वारकाबाई. हातात दुसरा भाग. जावेला पाहून वळल्याच होत्या, पण त्यांचीही अडचण मोठी होती. उंबऱ्याबाहेरूनच म्हणाल्या, "दैवशाला, ही कोण बाई गं, पहिल्या पानापासून दवाखान्यात निजलीय? सगळे उशाशी बसून रडून राह्यले. मला कुणाचंच दुःख होईना. वळखच न्हाई."

"म्हणजे जीव वाचला तिचा," उषाबाई भिंतीकडं बघून म्हणाल्या.

द्वारकाबाईंनी चौकटीला विचारलं, "पण तिला झालं काय?"

"विहिरीत गेल्ती," उषाबाईंनी भिंतीला सांगितलं. "दीर पाठीमागं उभा व्हता."

"तो दीर? तोच तर सगळ्यात जास्त रडून राह्यलाय."

उषाबाई भिंत सोडून सरळ जावेकडं वळल्या. "मला ठावकीच व्हतं."

चहा झाला. आता एकीला दुसरीचं पुस्तक पाहिजे, पण जावेच्या घरची पायरी कोण चढणार, आणि वाणाचं पुस्तक दुसऱ्याला द्यायचं तरी कसं? शेवटी उषाबाईंनी पदराखालचं पुस्तक काढलं. "माझा भाग तुझ्या रॅकवर ठिवते. वापस करून न्हाई राह्यले, नुसतं ठिवते. पुस्तक माझंच."

"मंग माझंबी ठिव," द्वारकाबाई म्हणाल्या. "पण तिच्या शेजारी नको."

दैवशालानं एक कपाशीत ठेवलं, एक सोयाबीनमध्ये. दुसऱ्या दिवसापासून दोघी दुपारी येऊन बैठकीच्या दोन टोकांना बसायच्या आणि एकमेकीचं पुस्तक वाचायच्या. ओठ हलवत, मधून मधून त्या दिराला शिव्या देत.

त्यांचं बघून बाकीच्या येऊ लागल्या. कुणाकडं लेकरं पानं फाडतात, कुणाकडं उंदीर. ठेवून घे गं, पण माझं हाय बरं का. पहिल्या पानावर आपापली नावं घालून घेतली, ज्यांना लिहिता येत नाही त्यांची रुखसारनं घातली. लोणच्याचा तेलकट गोल घेऊन कविताही तणनाशकात परतल्या. रॅक भरले. दैवशाला त्यांच्यासमोर उभी राहून हसली. रामप्रसादच्या भाजीला पुन्हा चव आली.

मोबाईलवर बोलायला म्हणून तिनं कपाशीतून एक पुस्तक ओढलं, तर जवळच वाचत बसलेल्या उषाबाई मान वर न करता म्हणाल्या, "विचारलं का? ते गुरवाच्या सुनेचं हाय."

आता माझी सून आपल्याच बैठकीतलं पुस्तक घ्यायला चपला घालून गावात जाते. पहिल्यांदा गेली ती द्वारकाबाईंकडं. "काकू, तुमचा भाग व्हिडिओपुरता घेऊ का?"

"घे. पण पानं दुमडू नको. आणि मीबी येते. पुस्तक माझं हाय, तू काय सांगशील."

रुखसारनं मोबाईल धरला. द्वारकाबाई नवी साडी नेसून खुर्चीवर बसल्या, दैवशाला बाजूला उभी. त्यांनी पुस्तक मांडीवर सरळ केलं. मंग घसा साफ केला.

"पहिला भाग आमच्या जाऊबाईकडं हाय," त्या म्हणाल्या. "आधी तो वाचा. मी उलटं वाचलं, लई हाल झाले."